फाटकाची किल्ली कोणाजवळ?

'लोकसहभाग' हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात तो असतो, उद्घाटनाच्या भाषणात तो असतो, नूतनीकरण झालेल्या उद्यानाच्या फलकावरही तो ठळक अक्षरांत रंगविलेला असतो. एवढा सर्वत्र आढळणारा हा सहभाग प्रत्यक्षात आहे तरी कसा, हे पाहू गेल्यास मात्र निराशा पदरी येते. किती लोक आले याची मोजदाद म्हणजे सहभाग, असा त्या शब्दाचा अर्थ आमच्या कारभाऱ्यांनी रूढ केला आहे. शर्यतीत इतके हजार धावले, महोत्सवास इतके हजार लोटले, रविवारी उद्यानात इतक्यांनी पाय ठेवला, की सहभाग वाढला! या हिशेबाने दादरच्या फलाटावरील सायंकाळची गर्दी हाच महाराष्ट्रातील सर्वांत थोर लोकसहभाग ठरेल.

आमचे मत निराळे आहे, आणि ते आरंभीच स्वच्छ सांगून टाकणे बरे. ज्या मैदानाच्या वेळा, ज्या उद्यानाचा आराखडा, ज्या नाट्यगृहाचे भाडे ठरविण्यात ते वापरणाऱ्या माणसांचा हात नाही, तेथे लोक कितीही जमोत, ते पाहुणे होत. आणि पाहुण्याला 'आता उठा' म्हणण्याचा अधिकार घरधन्यास नेहमीच असतो. उद्याने, क्रीडा, करमणूक आणि कला यांत लोकांचा भाग वाढावा असे ज्यांस मनापासून वाटत असेल, त्यांनी फाटकाची किल्ली लोकांच्या हाती देण्याची तयारी ठेवावी. ती घेण्यास पुढे होण्याचे पहिले कर्तव्य सुशिक्षित मध्यमवर्गाचे आहे. कारण एके काळी ती त्याच्याच हाती होती, आणि त्याने ती आपण होऊन खुंटीला टांगून ठेवली.

मैदान कोणाचे हा वाद मुंबईस नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किल्ल्याबाहेरील मोकळ्या जागेवर पारशी, हिंदू व मुसलमान तरुण क्रिकेट खेळत असत. 1875 साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याने त्यातील एक तुकडा आपणांसाठी राखून घेतला. तेथे खेळण्यास हिंदी माणसाला मज्जाव होता. एवढ्यावर भागले नाही. उरलेल्या मैदानावर युरोपियन मंडळी पोलो खेळू लागली. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई आणि तिच्यावर चेंडूफळी खेळणे अशक्य होऊन बसे. त्या तरुणांनी सरकारकडे अर्ज केले. न्याय मिळालासे वाटले आणि तो पुन्हा हिरावला गेला, तेव्हा पुन्हा अर्ज केले. शापूरजी सोराबजी या गृहस्थांनी 1897 साली या झगड्याची हकीकत पुस्तकरूपाने छापून ठेवली, म्हणून ती आज आपणांस ठाऊक आहे. अखेर समुद्रकाठी पारशी, हिंदू व मुसलमान जिमखान्यांस वेगवेगळ्या जागा मिळाल्या. हा निकाल निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. सर्वांचे मैदान मागणाऱ्यांच्या पदरात धर्मवार कुंपणे पडली. तथापि ज्यांच्या हाती कसलीही सत्ता नव्हती अशा परतंत्र देशातील पोरांनी मैदानाच्या मालकीचा प्रश्न राज्यकर्त्यांस विचारला, ही गोष्ट लहान नव्हे. आज मतदानाचा हक्क खिशात असलेले त्यांचे वारस हा प्रश्न कितीदा विचारतात?

कुंपण बाहेरच असते असे नाही, हेही त्याच इतिहासाने शिकविले आहे. पळवणकर बाळू हे त्या काळचे अव्वल दर्जाचे गोलंदाज. 1911 साली हिंदी संघ विलायतेस गेला तेव्हा त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण जातीने ते चांभार. म्हणून पुण्यात ज्यांच्यासाठी ते सामने जिंकून देत, तेच हिंदू सोबती त्यांस चहा मात्र मातीच्या निराळ्या भांड्यातून देत. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच लाभले नाही; त्यांचे बंधू विठ्ठल यांस ते 1923 साली मिळाले. तात्पर्य, मैदानात पाऊल पडले म्हणजे सहभाग झाला असे नव्हे. संघ कोण निवडतो, कर्णधार कोण नेमतो, चहाच्या पंक्तीला कोण बसतो, येथपर्यंत तो प्रश्न जातो. आज भांडी निराळी नसतील. सभासदवर्गणीचे आकडे आहेत, आणि ते काम तितक्याच चोखपणे बजावतात.

आता याच समाजाने काय करून दाखविले होते तेही पाहावे, म्हणजे आम्ही केवळ दोष काढीत बसलो आहो असे कोणास वाटणार नाही. 1906 साली पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला. 1912 साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागचे कुस्ती मैदान उभारले. 1914 साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा काढली. पुढे तिचाच श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा मोठा विस्तार झाला आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके जगास दाखविली. 1914 सालीच पुण्यात खो-खोचे नियम बांधण्यासाठी समिती बसली. अंगणात पोरे खेळत तो हा खेळ. कोणी वकील, कोणी शिक्षक यांनी तो कागदावर आणला, त्याला वेळ दिली, मैदानाचे माप दिले. त्या खटाटोपाचे फळ 2025 च्या जानेवारीत दिल्लीस दिसले. पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले, आणि त्या दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्रातील खेळाडूंकडे होते.

दादरच्या शिवाजी पार्काची कथाही अशीच आहे. 1925 साली मुंबई महापालिकेने ते मैदान खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क असे होते. 1927 साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास शिवछत्रपतींचे नाव मिळाले. अठ्ठावीस एकरांच्या आसपासचे हे मैदान. त्यावर क्रिकेटची जाळी लागली, व्यायाम मंदिर उभे राहिले, सभा गाजल्या, आणि सभोवारच्या कट्ट्याने तीन पिढ्यांस बसण्याची व बोलण्याची जागा दिली. तेथे क्रिकेट शिकलेल्या मुलांची नावे जगास ठाऊक आहेत. ती मुले सरकारी योजनेतून निपजली नाहीत. मैदान मोकळे होते, शिकविणारा रोज पहाटे येत होता, आणि आईबाप मुलांस पाठवीत होते, एवढेच तिचे रहस्य. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीस गेले तेही लोकांनी वर्गणी जमविली म्हणून; स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या वर्गणीतून आले. ज्यांनी त्या वेळी रुपया दिला त्यांचा त्या पदकात भाग होता. सहभाग म्हणतात तो हा.

आता आजची स्थिती पाहा. शहरात बाग वा क्रीडांगण कोठे व्हावे हे विकास आराखड्यात ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 सालचा आहे. आराखड्याच्या मसुद्यावर हरकती व सूचना देण्याचा अधिकार त्याने नागरिकांस दिला आहे. पुढे आरक्षणात फेरबदल करावयाचा झाल्यास कलम 37 खाली नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. त्याच कायद्याचे कलम 127 मात्र प्रत्येक पालकाने पाठ करावे असे आहे. क्रीडांगणासाठी राखलेली जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि ठरीव मुदतीत पालिकेने हालचाल केली नाही, तर ते आरक्षण आपोआप संपते. नकाशावर हिरवा असलेला तुकडा असा निमूटपणे पांढरा होतो. त्यासाठी कोणी लाठी चालवावी लागत नाही. कचेरीत एक कागद वेळेवर हलला नाही, एवढे पुरते. त्या दहा वर्षांत शेजारच्या दोनशे बिऱ्हाडांपैकी एकानेही चौकशी केली नाही, तर दोष एकट्या पालिकेचा म्हणता येईल काय?

1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यात उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची तरतूद आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन ही नागरी संस्थांची कामे म्हणून स्पष्ट लिहिली आहेत. तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असेही त्या दुरुस्तीत आहे. कागद असा भक्कम असता व्यवहार पाहावा तर 2022 च्या मार्चमध्ये मुंबई व पुणे येथील पालिकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या एकट्या सहीने दोन्ही शहरांचा गाडा चालला. बागेचा पाइप फुटला तर सांगावे कोणास, हे त्या काळात पुष्कळांस ठाऊक नव्हते. आणि खेदाची गोष्ट ही की पुष्कळांस त्याचे काही वाटलेही नाही.

महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाचे उदाहरण घ्यावे. सुमारे 211 एकरांची ही सार्वजनिक जमीन. भाडेपट्टा 2013 साली संपलेला. 2024 साली तिची वाटणी ठरली: 120 एकर उद्यानासाठी, 91 एकर क्लबाकडे. मुंबईस 120 एकरांचे उद्यान मिळणार असेल तर त्याचा आनंद आम्हांसही आहे. पण वाटणीची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. क्लबाच्या सभासदांचे मतदान झाले. ज्या शहराची जमीन त्या शहराचे झाले नाही. देशाच्या नगरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असे सांगतात आणि मुंबई त्याच्या जवळपासही फिरकत नाही. अशा शहरात एकराएकराचा निर्णय शेकडो सभासद घेतात आणि कोट्यवधी रहिवासी तो वर्तमानपत्रात वाचतात. याच शहरात 'देखभालीसाठी' म्हणून मोकळ्या जागा संस्थांच्या हवाली करण्याचा प्रयोग होऊन गेला आहे. काही ठिकाणी देखभालकर्त्यांनी तेथे क्लब थाटले आणि पुढे सामान्य माणसास फाटकातच अडविले. त्यावर ओरड एवढी झाली की 2016 च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांना ते धोरण स्थगित करावे लागले. ती ओरड करणारे नागरिक थोडे होते, पण चिवट होते. या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे त्याचा पुरावा तेच होत.

कलांच्या प्रांतात याहून निराळे चित्र नाही. 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा आरंभ केला तेव्हापासून आमची रंगभूमी हौशी मंडळींच्या खांद्यावर उभी आहे. 1972 साली 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आणले ते पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या हौशी मंडळींनी. विदर्भाच्या पूर्वेस झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की गावोगाव मंडप उभे राहतात आणि रात्रभर नाटके चालतात. मंडप, जेवणखाण, पाहुण्यांची सोय हे सारे गाव अंगावर घेते. गोव्यात देवळाच्या जत्रेस गावकरीच तोंडाला रंग लावून मराठी नाटक करतात. तेथील प्रेक्षक तिकीट काढून आलेला परका नसतो. रंगमंचावर त्याचा भाऊ असतो आणि पडद्याची दोरी त्याच्या चुलत्याच्या हाती असते.

शहरात मात्र नाटक करू इच्छिणाऱ्या दहा तरुणांस तालमीची खोली मिळत नाही. नाट्यगृह एका रात्रीचे, तालीम दोन महिन्यांची. पण आमच्या सर्व योजना त्या एका रात्रीसाठी. सायंकाळी साडेपाचनंतर पालिकेच्या कितीतरी शाळांच्या खोल्या कुलपात असतात आणि त्याच गल्लीतील पोरे जिन्यात उभी राहून संवाद पाठ करीत असतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले तेव्हा सारे शहर हळहळले. ती हळहळ खरी होती. परंतु नाट्यगृह जळते तेव्हाच ते आपले वाटावे आणि उभे असताना तेथील गैरसोयींची चौकशी कोणी करू नये, ही काही शहाण्या समाजाची रीत नव्हे.

आमच्या या म्हणण्यावर चार आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, लोकांना मोकळीक दिली तर ते घाण करतात, म्हणून हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी हवी आणि दुपारी फाटक बंद हवे. यावर आमचे उत्तर असे की माणूस घाण करतो ती परक्याच्या जागी. ज्या आखाड्याची माती त्याने स्वतः खणली, तेल व ताक घालून मळली, त्या आखाड्यात कोणी थुंकलेले आम्ही पाहिलेले नाही. आणि दुपारी बंद असलेली बाग ही कोणासाठी बंद असते? ज्याला घर लहान आहे त्या विद्यार्थ्यासाठी, कामाच्या दोन घरांमधला तास काढावयाचा असतो त्या मोलकरणीसाठी, ज्याला मुलगा-सून कामावर गेल्यावर खोली खायला उठते त्या म्हाताऱ्यासाठी. ज्यांच्या घरात दिवाणखाना आहे त्यांना दुपारची बाग लागतच नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. पण पैसा नाही असे म्हणणारी पालिकाच चांगली जुनी फरशी उखडून नवी बसविते, कारंजी उभारते व ती वर्षभरात बंद पडतात. दिव्यांच्या कमानीस पैसा आहे. खो-खोच्या दोन खांबांस नाही. तिसरा आक्षेप असा की लोकांस वेळ नाही. ज्या समाजाला परक्यांचे सामने तासन् तास पाहण्यास वेळ आहे, त्याला वेळ नाही हे आम्ही मानीत नाही. चौथा आक्षेप रसिकांचा: हौशी म्हणजे कच्चे, त्यांना जागा दिल्याने कलेची पातळी उतरेल. वस्तुतः पेटी वाजवून पाहिलेला माणूसच गाणे अधिक बारकाईने ऐकतो आणि कुस्तीत एकदा पाठ लागलेलाच पुढे डाव ओळखतो. करणारे कमी झाले की पारखणारेही कमी होतात. मग कलावंताला टाळी मिळते, पण दाद मिळत नाही.

एक गोष्ट आक्षेप म्हणून कोणी बोलून दाखवीत नाही, म्हणून आम्हीच मांडतो. कोणत्याही मैदानावर सायंकाळी सहाला जाऊन पाहावे. मध्यभागी मुलगे खेळत असतात. मुली व बायका कडेच्या वाटेवरून चालत असतात. मैदान सर्वांना मोकळे आहे असे सांगितले जाते आणि ते कायद्याने खरेही आहे. पण जी जागा रोज दांडगाईने मिळवावी लागते ती मुलीला मोकळी आहे असे म्हणणे ही थट्टा होय. खो-खोत जग जिंकणाऱ्या मुलींच्या राज्यात गल्लीतल्या मुलीस धावण्यास चाळीस पावले सलग मिळू नयेत, याची लाज घरातील वडील माणसांस वाटली पाहिजे.

आणि आता मध्यमवर्गाविषयी. हा वर्ग या विषयात गप्प का, याचे उत्तर सोपे आहे: त्याने आपली सोय स्वतंत्रपणे लावून घेतली आहे. सोसायटीच्या आवारात क्लबहाऊस, तासावर भाड्याने मिळणारे टर्फ, मुलासाठी शुल्क भरून क्रिकेटचा वर्ग, मुलीसाठी नृत्याचा. सार्वजनिक मैदान गेले तर त्याचे काही अडत नाही. पण अडते ते त्याच्या लक्षात येत नाही. त्याचा मुलगा आपल्याच पगाराच्या, आपल्याच शाळेच्या मुलांशी खेळून मोठा होतो. हरल्यावर हात मिळविणे, आपल्याहून गरीब पण चपळ अशा पोराचे नेतृत्व पत्करणे, दोन संघांत भांडण झाले तर पंचाशिवाय मिटविणे, हे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही. लोकशाहीचे पहिले धडे मैदानावर गिरविले जातात. ते ज्यांनी गिरविले नाहीत त्यांच्या हाती उद्याची नगरपालिका जाणार आहे.

नुसती टीका करून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही; म्हणून चार मागण्या मांडतो. शाळा सुटल्यावर पालिकेच्या शाळांची पटांगणे खेळास व खोल्या तालमीस खुल्या कराव्यात. देखरेख त्याच गल्लीतील मंडळाने करावी. प्रत्येक उद्यान व मैदान यांसाठी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची समिती असावी, तीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि जमाखर्च फाटकावर लावावा. आरक्षणात बदल करणारी प्रत्येक नोटीस त्या जमिनीवरच, मराठीत व वाचता येईल अशा अक्षरांत उभी करावी. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील जाहिरात पुरेशी मानू नये. आणि प्रत्येक मैदानावर रोज ठरलेला तास मुलींच्या सांघिक खेळास राखावा.

यांतील एकाही गोष्टीस मोठा पैसा लागत नाही. लागतो तो वाचकांचा थोडा वेळ आणि थोडा निर्लज्ज चिवटपणा. आपल्या प्रभागात क्रीडांगणासाठी राखलेली जमीन कोणती आणि तिची दहा वर्षे केव्हा भरतात, एवढे प्रत्येक कुटुंबाने या महिन्यात पालिकेच्या कचेरीत जाऊन विचारावे. परतंत्र मुंबईतील पोरांनी घोडेस्वारांविरुद्ध अर्ज लिहिले होते. आपल्यासमोर घोडा नाही. एक बंद फाटक आहे आणि त्याची किल्ली मागावयाची आहे. मागितल्यावाचून ती कोणी आणून देणार नाही.